मुलगी पथकात जायचं म्हणतेय

सी-४०४ (आई), संध्या. ७:१२
नमस्कार मंडळी. घरगुती प्रश्न ग्रुपवर टाकतेय, रागावू नका. आमची कन्या सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे. यंदा ढोल-ताशा पथकात नाव द्यायचं म्हणतेय. ह्यांचं सरळ ‘नाही’ आहे, मी मध्ये अडकलेय. आपल्यापैकी कुणाचं मूल पथकात आहे का? सराव किती असतो, घरी यायला किती वाजतात, अभ्यासाचं काय होतं? खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

ए-१०२, ७:१५
नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. पन्नास ढोल एकदम सुरू झाले की कसली मर्यादा आणि कसलं काय. हरित लवादाने एका पथकात ३० च्या वर माणसं नकोत असं बजावलेलं आहे.

बी-३०५, ७:१७
अण्णा, तो आदेश ऑगस्ट २०२४ चा. त्याला सुप्रीम कोर्टाने १२ सप्टेंबर २०२४ ला स्थगिती दिली, विसर्जनाला पाच दिवस राहिले असताना. ढोल-ताशा म्हणजे पुण्याचं हृदय आहे, वाजवू द्या, असं खुद्द सरन्यायाधीश म्हणाले होते.

ए-१०२, ७:१८
स्थगिती मिळाली म्हणून माझे कान बरे झाले का?

बी-३०५, ७:१८
🙏

बी-६०१, ७:३४
वहिनी, आमचे चिरंजीव पथकात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
गणपतीच्या साधारण दोन महिने आधी वाद्यपूजन होतं आणि सराव सुरू होतो. आमच्या पथकाचा मांडव नदीपात्रात, म्हात्रे पुलाच्या अंगाला. संध्याकाळी सात ते साडेनऊ-दहा. नव्या मुलांच्या कमरेला लगेच ढोल बांधत नाहीत. आधी टिपरू कसं धरायचं, थापी कुठे मारायची, बोल तोंडाने म्हणत पाय कसे टाकायचे, यातच बरेच दिवस जातात. मग ढोल मिळतो. आठ-दहा किलोचं धूड दोरीने कमरेला आवळून तासभर वाकायचं, उठायचं. दोरी कमरेत रुतते, म्हणून मुली खाली जुनी ओढणी गुंडाळतात. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड येतो, तो फुटतो, वर चिकटपट्टी लावून परत वाजवतात. हे बघून आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात पथक बंद करायला सांगितलं होतं. पोरगं ऐकलं नाही.
सरावाला दांडी मारणाऱ्याला मिरवणुकीत घेत नाहीत. चामड्याची पानं होती तेव्हा पावसात ढोल बसायचा आणि सुट्टी मिळायची. आता फायबरची पानं आली, त्यामुळे पावसाची सबब संपली.
पैसे मिळत नाहीत. सुपारी पथकाला मिळते, मुलांना वडापाव.
अभ्यासाचं म्हणाल तर एका सेमिस्टरला एक विषय राहिला. पथकामुळे की मोबाइलमुळे, यावर घरात अजून एकमत नाही.

डी-१०५, ७:३६
हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी, ७:३७
बी विंग, उद्या टाकी धुणार. सकाळी ९ ते १२ पाणी नाही. चालू द्या चर्चा.

डी-२०३, ७:४८
मी नाक-कान-घशाची डॉक्टर आहे, म्हणून बोलते. अण्णांचं कानांबद्दलचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. ८५ डेसिबल आवाज दिवसातून आठ तास सोसता येतो असं धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० पर्यंत गेलात की उरतात पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध उभं राहिल्यावर आवाज १०० च्या खाली असेल असं मला तरी वाटत नाही. सरावानंतर कानात कुंईऽऽ असा आवाज येत राहतो ना, तो कानाचा इशारा असतो. आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.
म्हणून जाऊ नको असं मी सांगणार नाही. फोमचे इअरप्लग घाल असं सांगेन. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरून धरून वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट लावून धरायचं. नुसता खोचला तर सराव संपेस्तोवर खिशात येतो. कापसाचा बोळा घालून समाधान करून घेऊ नका, त्याने आवाज फारसा अडत नाही.

सी-४०४ (बाबा), ८:०२
विषय चव्हाट्यावर आलाच आहे तर माझीही बाजू ऐका. मी पथकांच्या विरोधात नाही. लक्ष्मी रोडला मीही दरवर्षी उभा राहतो. पण कॉलेजला ७५ टक्के हजेरी लागते, नाहीतर डिफॉल्टर लिस्ट. यंदा अधिक महिना येऊन गेला, त्यामुळे गणपती थेट १४ सप्टेंबरला, विसर्जन २५ ला, आणि इनसेम, म्हणजे सेमिस्टरमधल्या परीक्षा, नेमक्या त्याच सुमाराला. विसर्जनाला पथकं बेलबाग चौकापासून अलका टॉकीजपर्यंत तासन् तास ताटकळतात. त्यात मुलींनी स्वच्छतागृहाला कुठे जायचं, पाणी कुठे प्यायचं? रात्री अकरा वाजता नदीपात्रातून स्कूटीवर एकटी येणार, मी झोपायचं कसं? मुलगी आहे म्हणून ‘नाही’ म्हणत नाहीये.

ए-७०४, ८:०५
दादा, मुलगा असता तर हा मेसेज आला असता का?

ए-७०४, ८:११
बरं, उत्तर नको देऊ. दुसरं सांगते. माझा भाचा इंडियानाला असतो. त्याची मुलगी तिकडच्या ड्रम कोअरमध्ये आहे. आपल्या पथकासारखंच, पण ढोलांबरोबर पितळी वाद्यं, निशाणं आणि मैदानावरची आखीव कवायत. १९७२ पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. विशी-एकविशीपर्यंतच जाता येतं, पुढे वय आडवं येतं. अख्खा उन्हाळा बसमधून गावोगाव, रात्री कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर झोप, आणि शेवटी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या स्टेडियमवर फायनल. वर हजारो डॉलर फी! आमची वहिनी, म्हणजे मुलीची आजी, इथून फोनवर ‘कशाला गं बाई’ करत होती. भाचा-सून काय करतात सांगू? रजा काढून पथकाच्या स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये पोरांना वाढतात. दिवसाला चार जेवणं.

बी-३०५, ८:१२
आणि आपल्याकडे फी नाही, तरी परवानगी नाही 😄

ए-१०२, ८:१४
तिकडे मैदानात वाजवतात. माझ्या खिडकीखाली नाही.

डी-२०३, ८:१४
हा मुद्दा बरोबर आहे अण्णा.

सेक्रेटरी, ८:२९
गप्प बसणार होतो, पण बोलतोच. मागच्या वर्षी आपल्या बाप्पाच्या आगमनाला पथक आणलं होतं. सुपारी वर्गणीतून गेली. त्या रात्री याच ग्रुपवर तक्रार आली की वाजवणारे कमी होते, पैसे वसूल झाले नाहीत. पथक आवरायला लागलं तेव्हा ‘अजून एक गजर, अजून एक गजर’ करत गेटवर त्यांना कोणी अडवलं, ते सगळ्यांच्या स्टेटसला होतं. व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. पुढच्या रांगेत पाच-सहा मुली होत्या, घामाने निथळत होत्या, आणि त्यांना पाणी द्यायचं तेव्हा आठवलं जेव्हा त्यांच्यातल्याच एकीने वॉचमनकडे मागितलं. वॉशरूमचं कोणी विचारलंही नाही. क्लबहाउसला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे.
त्याही कुणाच्या तरी सेकंड इयरच्याच असणार. त्यांनाही इनसेम असणार. त्यांचे बाबाही जागे असणार. आपल्याला पथक हवं, जोरात हवं, उशिरापर्यंत हवं, फक्त त्यात पोरं लोकांची हवीत. सी-४०४ वर रोख नाही. मी स्वतः माझ्या मुलाला दहावीचं कारण सांगून थांबवलं होतं, आणि सुपारीच्या चेकवर सही माझी आहे.

डी-४०२, ८:३१
शुभ रात्री 🌹 आजचा सुविचार खाली देत आहे

डी-४०२, ८:३१
सॉरी, चुकीच्या वेळी आला

सी-४०४ (आई), ८:४०
काका, मी बोलतेय, आईच्या फोनवरून. आई स्वयंपाकघरात आहे, तिला सांगितलंय.
बाबा, कॉलेजच्या फेस्टला मी रात्री बारापर्यंत थांबले होते. तेव्हा तुम्ही स्वतः घ्यायला आलात आणि काही बोलला नाहीत, कारण ते सीव्हीत लिहिता येतं. पथकाचं काहीच लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे. मला तिथे काही व्हायचं नाहीये, फक्त वाजवायचं आहे. हजेरी माझी ८१ टक्के आहे, पोर्टलवर बघा, पासवर्ड तुमच्याकडे आहे. मैत्रीण वारज्याची आहे, येताना आम्ही दोघी एका गाडीवर येऊ. डॉक्टरकाकू, इअरप्लग कुठले घ्यायचे?

डी-२०३, ८:४२
विकत नको घेऊ. क्लिनिकमध्ये खोकं पडलंय. मैत्रिणीचेही घेऊन जा.

ए-१०२, ८:४५
मुलगी नीट बोलते. ढोल वाजवू नयेत हे माझं मत कायम आहे. मात्र मुलींनी वाजवू नयेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

बी-३०५, ८:४६
अण्णा 😂 नोंद घेतली.

ए-७०४, ८:४७
मुलींचं म्हणाल तर माझ्या लहानपणीही शाळांच्या पथकांत मुली होत्या. ज्ञानप्रबोधिनीच्या मुलींना बरची खेळताना बघायला आम्ही टिळक रोडवर जागा धरून बसायचो. माझ्या वडिलांनी मला बघायला नेलं, नाव द्यायला नाही.

सी-४०४ (बाबा), ९:०५
पोर्टल बघितलं. ८१ नाही, ७९ आहे.
सेक्रेटरीसाहेब, यंदा पथक आणणार असाल तर क्लबहाउस उघडं ठेवा आणि वाजवायची वेळ आधी ठरवून तेवढंच वाजवून घ्या. वर्गणीला माझी हरकत नाही, पण हे मिटिंगच्या नोंदवहीत यायला हवं. आठच्या आत आटपलं तर अण्णांनाही चालेल असं धरतो.

ए-१०२, ९:०६
सव्वासातच्या आत.

सेक्रेटरी, ९:०८
रविवारच्या अजेंड्यावर घेतो.

सी-४०४ (बाबा), ९:१०
बी-६०१, उद्या तुमचे चिरंजीव सरावाला जाणार असतील तर मीही येतो. नुसतं बघायला. किती वाजता सुटतात, मुली कशा परततात, पथकप्रमुख कोण आहेत, हे स्वतः बघेन. अजून हो म्हटलेलं नाही, कन्येने ग्रुपवर बदाम पाठवू नयेत.

सी-४०४ (आई), ९:१०
❤️

सी-४०४ (आई), ९:११
हा मेसेज डिलीट केला आहे

बी-६०१, ९:१५
पावणेसातला गेटपाशी या. चारचाकी काढू नका, पात्रात चिखल आहे आणि वळवायला जागा नाही. जुन्या चपला घाला. आणि निघण्याआधी मला एक फोन करा. खडकवासल्यातून पाणी सोडलं असेल तर पात्रातला रस्ता बंद करतात, मग सरावच नसतो.