'डोळ्याबद्दल डोळा' : यातलं 'बद्दल' म्हणजे काय?

वेलांटी : यहुदी धर्माविषयीच्या गैरसमजांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. बायबलातल्या निर्गम 21:24 मधलं हिब्रू 'आयिन तहत आयिन' मसुद्यात 'डोळ्याबद्दल डोळा' होतं, मराठी बायबलात आहे तसंच. तपासणीत त्याचं 'जशास तसे' झालं. लेखाचं म्हणणं असं की हे वाक्य सूड शिकवत नाही, ताल्मुद, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चांचा ग्रंथ, त्यातून पैशाची भरपाई काढतो. 'जशास तसे' म्हटलं की ते सगळं पुसलं जातं. या 'तहत'ला मराठीत काय म्हणावं?

रफार : 'तहत' म्हणजे खाली, त्यावरून 'च्या जागी'. उत्पत्ती 22:13 मध्ये अब्राहाम मुलाच्या 'तहत' एडका अर्पण करतो. लेवीय 24:18 तर फार मोलाचं आहे : दुसऱ्याचं जनावर मारलं तर ते भरून द्यावं, 'जिवाबद्दल जीव'. तिथे मारणाऱ्याचा जीव कुणी घेत नाही. सरळ 'ऐवजी' लिहा. 'ऐवज' हा अरबी 'इवज', म्हणजे मोबदलाच.

काना_मात्रा : 'चहाऐवजी कॉफी' म्हणतो तेव्हा चहा नको असतो. 'डोळ्याऐवजी डोळा' याला मराठी कानाला काही अर्थच लागत नाही. 'बद्दल'च हवं. बदल, बदली, बदला, बद्दल, मोबदला ही एकाच अरबी धातूची भावंडं. 'बद्दल' आता 'विषयी'कडे झुकलाय आणि 'बदला' हिंदीच्या नादानं सूडाकडे, पण 'बदली कामगार' म्हटलं की जुना अर्थ लख्ख दिसतो.

अनुस्वार : अरबीनं अरबीचा अर्थ किती लावणार? 'क्षतिपूर्ती' हा स्वच्छ शब्द आहे.

रफार : स्वच्छ आहे, पण तो एकाच रकमेला पुरतो. मिश्ना म्हणजे ताल्मुदचा मूळ पाठ. त्याच्या बावा कम्मा भागात, 8व्या अध्यायात, जखमेच्या पाच रकमा आहेत. नेझेक : हा माणूस बाजारात गुलाम म्हणून उभा केला तर आधी किती आला असता, आता किती येईल, तो फरक. त्साआर : एवढ्या वेदना सोसायला अशा माणसानं किती मागितले असते. रिप्पुई म्हणजे औषधपाणी. जखम भरून पुन्हा चिघळली तरी द्यायचं, पुरती बरी झाली की नाही. शेवेत म्हणजे बुडालेला रोज. बोशेत म्हणजे बेअब्रू, आणि ती लाजवणारा कोण, लाजलेला कोण यावर ठरते. पाचांना मिळून 'भरपाई' पेलते, 'क्षतिपूर्ती' नाही.

उद्गार : ताल्मुद एकमुखी नाही, हेही लेखात यायला हवं. त्यातले एक धर्मपंडित रब्बी एलिएझर 'ममाश' म्हणतात, म्हणजे खरोखरचा डोळा. नंतरचे पंडित रव आशी त्याचा अर्थ लावतात की किंमत जखमीची नव्हे, जखम करणाऱ्याच्या डोळ्याची धरायची. 'सूड कधी नव्हताच' हा उलट्या बाजूचा गैरसमज होईल.

वेलांटी : मान्य. पण आंधळ्यानंच दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचा कोणता डोळा काढणार, हा प्रश्नही तिथलाच आहे.

काना_मात्रा : 'शेवेत'ला 'बुडालेला रोज' कसं? हाडामासाचा शब्द 'खाडा' आहे. आणि लिहिताना याची हिब्रू अक्षरं शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचीच : शीन, बेत, ताव. कुलाबा जिल्ह्याकडच्या (आताचा रायगड) बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. तो खाडा आणि हा खाडा एकाच मुळाचे.

अनुस्वार : अक्षरं सारखी म्हणून मूळ एक होत नाही. शेवेत 'बसणे'वरूनही लागतो. 'बसून राहावं लागलं त्याचे पैसे'. आणि खाडा माणूस स्वतः करतो, इथे तो लादला गेलाय.

रफार : शेवेतचा हिशोब बघा म्हणजे शब्द सापडेल. हात तोडला असेल तर जुन्या धंद्याची मजुरी धरत नाहीत, काकडीच्या मळ्याच्या राखणदाराची धरतात. हाताची किंमत नेझेकमध्ये आधीच दिलेली असते. जुनी मजुरी धरली तर तोच हात दोनदा मोजला जाईल.

उद्गार : 'राखणदार' नको. तळकोकणात, गोव्यात राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देवचार. त्याला नारळ देतात, रोज नाही.

काना_मात्रा : मग काय, 'जागल्या'?

अनुस्वार : जागल्या गावचा, रात्रीचा. मळ्यावर दिवसाही बसतात. 'राखण्या' म्हणा.

उद्गार : 'राखण्या' गुरांचाही असतो. 'मळ्याच्या राखणीवरचा माणूस' असं लांबलचक लिहिलं तरी चालेल.