‘ओढणे’, ‘भटकणे’ की ‘पोट येणे’? बँडसॉवर फळी उभी चिरताना लागणारे शब्द

म्हापशाहून:
बँडसॉवर, म्हणजे चाकांवर धावणाऱ्या दातेरी पट्टीच्या करवतीवर, फणसाची किंवा सागाची जाड फळी कडेवर उभी धरून तिच्या दोन पातळ फळ्या काढायच्या असतात. करवत मध्येच रेषा सोडते. इंग्रजीत याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. कामावर मात्र ‘पट्टी पळते’, ‘ओढते’, ‘भरकटते’, ‘फुगते’ असे चारही शब्द एकाच तक्रारीसाठी कानावर येतात. यंत्राशेजारी लावायच्या मराठी सूचनापत्रकात यातला कोणता घ्यावा? दुसरं म्हणजे ‘रीसॉइंग’ला, म्हणजे जाड फळीच्या अशा पातळ फळ्या काढण्याला, काय म्हणावं? ‘पुनर्कर्तन’ असा एक शब्द सुचवला गेलाय, पण तो वाचून कुणाही थवयाला (सुताराला) आपण काय करायचंय ते कळणार नाही.

फोंड्याहून:
चारातला एक निवडू नका. ‘पळते’ तेवढा सोडा, कारण त्यातून काहीच कळत नाही. बाकीचे तीन तीन वेगळ्या बिघाडांचे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. शब्द एकच ठेवला की माणूस प्रत्येक वेळी पट्टीचा ताण वाढवत बसतो.

‘ओढणे’ म्हणजे पट्टी सतत एकाच बाजूला, एकाच कोनात जाते. दहा फळ्या चिरा, दहाही वेळा डावीकडेच. याचं कारण बहुतेक दात्यांत असतं. एका बाजूच्या दात्यांची धार गेलेली असते किंवा त्या बाजूला ते कमी फाकलेले असतात. ज्या बाजूची धार शाबूत, त्या बाजूला पट्टी जाते. जुन्या घराच्या तुळईत राहिलेला एक खिळा एवढं करायला पुरतो.

‘भटकणे’ (तुमचं ‘भरकटते’) म्हणजे कधी इकडे, कधी तिकडे, लाकडाच्या रेषा नेतील तसं. इथे दोन्ही बाजूंची धार मेलेली असते, किंवा दाते फार बारीक असतात, किंवा पट्टीला आधार देणारे गाइड सैल असतात.

‘पोट येणे’ (तुमचं ‘फुगते’) ही तिसरी गोष्ट. वरची कड बरोबर, खालची कड बरोबर, पण मध्ये एक फळी फुगलेली आणि दुसरी तेवढीच खोलगट. भिंतीला पोट येतं तसंच. वरून बघून हे कळत नाही. चिरलेल्या फळीच्या तोंडावर गुण्याचं (काटकोन बघायच्या अवजाराचं) पातं उभं धरा आणि उजेडाकडे बघा. फुगलेल्या फळीवर पातं मधोमध टेकेल आणि वर-खाली उजेड दिसेल.

गुण्या धरल्यावर उजेड कुठेच दिसला नाही, तरी वरची जाडी १२ मिमी आणि खालची १० मिमी भरली, तर ते पोट नव्हे. टेबल पट्टीशी काटकोनात नाही. त्याला सरळ ‘तिरकं चिरलं’ म्हणा. काटकोन तपासताना गुण्या पट्टीच्या अंगाला लावा. तो दात्यावर टेकला तर माप चुकतं, कारण दाता बाहेर फाकलेला असतो.

डिचोलीहून:
‘रीसॉइंग’साठी नवा शब्द घडवायची गरज नाही. मराठीत लाकूड आडवं ‘कापतात’, रेषांच्या दिशेने ‘चिरतात’ आणि सरपणासाठी ‘फोडतात’. तीन क्रियापदं, तीन कामं. फळी कडेवर उभी केली की ‘उभं चिरणं’, आणि त्या सगळ्या कामाला ‘उभं चिरकाम’. ‘फळी उभी चिरून दोन काढा’ हे वाक्य कुणालाही कळतं.

जुना शब्द ‘अरकस’. दोघांनी ओढायची मोठी करवत. मूळ फारसी: ‘अर्रा’ म्हणजे करवत, ‘कश’ म्हणजे ओढणारा. हिंदीत ‘आराकश’ हा चिरणारा माणूस राहिला, मराठीत मात्र नाव अवजाराला गेलं. महाराष्ट्रात सरकारी कागदावर ‘आरागिरणी’ असतं, बोलताना आपण सॉ मिलच म्हणतो. बँडसॉला ‘अरकस’ म्हणू नये. तिची पट्टी बंद वळ्यासारखी आणि एकाच दिशेने धावणारी असते. तिला ‘पट्टी’ हाच शब्द रुळलाय.

एक खबरदारी घ्या. करवत लाकडात जी फट पाडत जाते तिला ‘चीर’ लिहू नका. वाळताना लाकडाला पडते तीही चीरच, आणि ‘चिरा’ म्हटलं की गोव्यात जांभ्या दगडाचा चिरा डोळ्यांपुढे येतो. फटीला ‘काप’ म्हणा. ‘कापात किती लाकूड जातं’ हा प्रश्न कामाचा आहे. पट्टीची जाडी ०.६ मिमी असली तरी दाते दोन्ही बाजूंना फाकलेले असल्यामुळे काप साधारण १.१ मिमीचा पडतो. २५ मिमीच्या फळीतून सरळ चिरल्यास जेमतेम १२-१२ मिमीच्या दोन निघतात, आणि रंधा मारून १० मिमी उरते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं.

सावर्ड्याहून:
दाते डावी-उजवीकडे वाकवण्याला आमच्याकडे सगळे ‘सेट’ म्हणतात. मराठी हवं असेल तर ‘फाक’. ‘दात्यांना फाक द्या’, ‘फाक कमी झाली’. आंब्याची फाक वेगळी, पण करवतीच्या संदर्भात घोटाळा होत नाही.

दोन दात्यांमधल्या खळग्याला मात्र शब्दच नाही आणि उभ्या चिरकामात सगळी गोम तिथेच असते. मी ‘गाळा’ सुचवतो. दोन खांबांमधली जागा जशी गाळा, तशी दोन दात्यांमधली. दात्याने काढलेला भुसा लाकडातून बाहेर पडेपर्यंत गाळ्यातच राहतो. फळी २०० मिमी उंच, म्हणजे आठ इंच. इंचाला १० दाते असतील तर एका वेळी ८० दाते लाकडात, आणि प्रत्येकाचा गाळा चिमूटभर. वरच्या दोन-तीन इंचांतच गाळे भरतात. पुढे दाते कापत नाहीत, घासतात. पट्टी तापते, तुम्ही जोर लावता, जोराने पट्टी मागे रेटली जाते आणि मागे जायला जागा नसली की बाजूला वाकते. आलं पोट. इंचाला ३ दाते असलेली, पुढे झुकलेल्या दात्यांची पट्टी लावली की लाकडात २४ दाते राहतात आणि गाळे मोठे मिळतात.

म्हणून ‘पोट’ लिहाल तिथे पहिलं कारण ‘ताण कमी’ असं लिहू नका. क्रम असा ठेवा: धार, गाळे, ढकलण्याचा वेग, वरचा गाइड, मग ताण. वरचा गाइड लाकडापासून दोन सुतांवर आणा, म्हणजे पाव इंच, ६ मिमी. पुष्कळदा तो चार बोटं वर राहिलेला असतो आणि तेवढी पट्टी आधाराविना लोंबते.

भुशाकडेही बघा. धार असली की तो खरखरीत, कणीदार पडतो. पिठासारखा, गरम आणि करपलेल्या वासाचा पडू लागला की पट्टी उतरवायची वेळ झाली. सागात सिलिका असते, त्यामुळे दिसायला मऊ असूनही तो धार लवकर खातो. फणसाचं वेगळंच. त्याचा चीक गाळ्यात आणि पट्टीच्या अंगावर चिकटतो आणि धार असूनही पट्टी बोथट वाटते. यंत्र बंद करून, प्लग काढून, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा. बऱ्याचदा नवी पट्टी घ्यायची वेळच येत नाही.

म्हापशाहून:
‘गाळा’ घेतो. गाइडची मापं पत्रकात द्यावीत का? आणि ‘ओढ’ असेल तर पट्टी टाकून द्यायची की काही करता येतं?

फोंड्याहून:
मापं द्याच. बाजूचे गाइड आणि पट्टी यांच्यात एका कागदाची फट, ०.१ मिमी. त्यांची पुढची कड गाळ्याच्या तळामागे साधारण १ मिमी. त्याहून पुढे आली तर दात्यांची फाक मारली जाते. मागचं बेअरिंग पट्टीपासून अर्धा मिमी दूर. लाकूड नसताना ते फिरता कामा नये, लाकूड लागल्यावरच फिरलं पाहिजे.

ओढ थोडी असेल तर पट्टी टाकू नका. आधी पट्टी चाकाच्या मध्यावर चालते का ते बघा, खालच्या चाकाच्या रबरावर बसलेला भुसा खरवडून काढा. मग साधारण ५०० मिमी लांबीच्या टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेषा मारा. फेन्स (टेबलावरचा सरळ आधार, ज्याला टेकवून फळी सरकवतात) न लावता, हाताने रेषेवर ठेवत अर्ध्यापर्यंत चिरा आणि फळी जागेवर धरूनच यंत्र बंद करा. पट्टी थांबल्यावर फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिलची रेघ ओढा. ती रेघ म्हणजे ओढीचा कोन. फेन्स त्या रेघेला लावा. पट्टी बदलली की रेघ पुसून पुन्हा हेच करायचं, कारण ओढ बहुतेक त्या पट्टीची असते, यंत्राची नसते.

कोन फार मोठा निघाला तर धार-फाक नव्याने करून घ्या.

मडगावहून:
तुटण्याचे शब्दही नीट लावा, कारण तिथे जिवाला धोका आहे. ‘पट्टी तुटली’ एवढ्याने भागत नाही. सांध्यावर सुटली, गाळ्यात तडकली की पाठीकडून तडकली, ते लिहा.

सांध्यावर सुटली तर दोष जोडकामाचा. वेल्डनंतर सांधा पुन्हा तापवून मवाळ केला नाही तर तो ठिसूळ राहतो. गाळ्याच्या तळात बारीक तडे दिसले तर पट्टी थकली आहे. चाकावर दर फेऱ्याला ती वाकते आणि सरळ होते. जाड पट्टी लहान चाकावर जास्त ताणली जाते. जुना ठोकताळा असा की पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नसावी. सॉ मिलमधलं ३६ इंची चाक म्हणजे ९१४ मिमी, आणि २० गेजची पट्टी ०.९१४ मिमी. बरोबर हजारावा भाग. १४ इंची चाकावर त्या हिशेबाने ०.३५ मिमी येते, तरी सर्रास ०.६ मिमीची लावतात. ती चालते, पण लवकर थकते. काम संपल्यावर ताण सैल करून ठेवणं तिथे फार गरजेचं.

पाठीकडून तडकली तर मागचं बेअरिंग जाम आहे. त्यावर घासून पट्टीची पाठ कडक झालेली असते.

आणि ‘टिकटिक’ हा शब्द पत्रकात मोठ्या अक्षरांत घाला. १४ इंची यंत्राची पट्टी साधारण २.३७ मीटर लांब असते. ती सेकंदाला १५ मीटर धावत असेल तर सांधा सेकंदाला सहा वेळा समोरून जातो. त्याच लयीत टिकटिक आली तर सांधा वर आलेला आहे किंवा तडा उघडतो आहे. यंत्र तिथल्या तिथे बंद करायचं, समोरून बाजूला व्हायचं, चाक पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही.

काणकोणहून:
दोन शब्द राहिले. चिरलेल्या तोंडावर एकसारख्या बारीक लाटा उठतात, त्यांना ‘पन्हाळी’ म्हणा, पन्हाळी पत्र्यावरून. यात पट्टी रेषा सोडत नाही, दाते थरथरतात. ढकलण्याचा वेग थोडा बदलून बघा, मग ताण. कमी-जास्त अंतरावर दाते असलेली पट्टी असेल तर थरथरीची लय बसतच नाही.

दुसरा, ‘आवळणे’. किंदळ, माट्टी किंवा नुकतंच तोडलेलं कुठलंही लाकूड चिरताना मागचा काप मिटतो आणि पट्टी आत धरली जाते. बिघाड यंत्रात नाही, लाकडातला ताण सुटतोय. फळी मागे ओढू नका, पट्टी चाकांवरून उतरते. यंत्र बंद करा, कापात लाकडी पाचर घाला, मग पुढे चला. ओल्या लाकडाला फाकही थोडी जास्त लागते.

म्हापशाहून:
पत्रकाची पहिली ओळ अशी ठेवतो: ‘पट्टी ओढत असेल तर फेन्स फिरवा, भटकत असेल तर पट्टी बदला, पोट येत असेल तर हळू ढकला.’

सावर्ड्याहून:
शेवटचा भाग बदला. फार हळू ढकललं की दाते कापण्याऐवजी घासतात आणि धार आणखी लवकर जाते. ‘पोट येत असेल तर आधी धार आणि गाळे बघा, वरचा गाइड खाली घ्या’ असं लिहा. आणि ‘पट्टी बदला’च्या आधी ‘चीक पुसून बघा’ घाला. फणसाचं काम असेल तिथे तरी घालाच.