मारुती 800 (1986): चढ संपला की डॅशबोर्डच्या जाळीतून पांढरी वाफ

शाहूपुरी_800
गाडी तीन सिलिंडरची, 796 सीसी. एसी नाही, मूळचा हीटर आहे. गावात काही त्रास नाही. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ चढला की मधल्या जाळीतून पांढरी वाफ येते. वर इंजिन बंद केल्यावर तर दोन-तीन मिनिटं जास्तच येते. हीटरचा लिव्हर पूर्ण थंडवर असतो, तरीही. वास किंचित गोडसर. काचेला आतून थर धरतो, फडक्यानं पुसला की नुसता पसरतो. डावीकडच्या पायाखालची मॅट ओली आहे, पण सध्या पाऊसही लागून राहिलाय. गॅरेजमध्ये दोन मतं पडली. एक म्हणतो वायरिंग जळतंय, दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय. काही उघडण्याआधी खात्री कशी करायची?

उद्यमनगरी
वायरिंग नव्हे. वायर जळाली की वास नाकाला झोंबतो आणि काचेवर काही चिकटत नाही. गोडसर वास आणि पुसला तरी पसरणारा थर ही कूलंटमधल्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातल्या) ग्लायकॉल या रसायनाची खूण आहे. डॅशबोर्डच्या आत हीटरसाठी जो छोटा रेडिएटर असतो, तो हीटर कोअर पाझरतोय असं धरून चला.

लिव्हर थंडवर असताना वाफ का, हे इथं नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी बरेच मिस्त्री फसतात. जुन्या गाड्यांत हीटरच्या लिव्हरनं उघडमिट होणारा पाण्याचा टॅप साधारण कोअरकडे जाणाऱ्या पाइपवर असतो. तो बंद केला तर गरम पाण्याचं फिरणं थांबतं, पण परतीचा पाइप वॉटर पंपाकडे उघडाच राहतो. त्यामुळे सिस्टिमचं प्रेशर कोअरमध्ये मागच्या बाजूनं पोचतंच. टॅप बंद म्हणून कोअर निर्दोष, असा हिशेब लावू नका.

चढावरच का, तर रेडिएटरचं टोपण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटर उंचीवर आहे, इथं उघड्या भांड्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. टोपणाच्या प्रेशरखाली तेच पाणी 115 च्या वर गेलं तरी उकळत नाही. गावात प्रेशर कमी, तेव्हा बारीक छिद्र मिटून राहतं. चढावर प्रेशर वाढलं की ते तोंड उघडतं, आणि बाहेर पडलेल्या गरम थेंबाची लगेच वाफ होते. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, हेडमधली धग पाण्यात उतरते आणि थोडा वेळ प्रेशर आणखी चढतं. म्हणून थांबल्यावर वाफ जास्त.

आता खात्री. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, टोपणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा आणि टोपणावर छापलेल्या आकड्याइतकंच प्रेशर द्या, त्यापुढे नाही. पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरला आणि बॉनेटखाली सगळं कोरडं असेल, तर टॉर्च घेऊन पायाशी बसा आणि हीटर बॉक्सच्या (कोअर ज्यात बसतो त्या डब्याच्या) खालच्या सांध्याला बोट लावा.

मॅटचा घोळ वेगळा मिटवा. काचेखालच्या जाळीत पानं अडकली की पावसाचं पाणीही तिथूनच आत उतरतं. मॅट काढून पत्रा कोरडा करा, पांढरं फडकं अंथरा, इंजिन थंड असताना जाळीवर अर्धी बादली पाणी ओता. फडकं नुसतं ओलं झालं तर पाऊस, चिकट आणि रंगीत डाग पडला तर कूलंट. चाखून बघू नका, ग्लायकॉल विषारी आहे. दुरुस्ती होईपर्यंत काचा खाली ठेवून चालवा. घाटात समोरची काच अचानक धुरकटणं हा यातला खरा धोका.

वायर_आणि_फ्यूज
वरचं निदान पटतं. पण हा धागा वाचून कोणी निळसर-करड्या धुराकडे दुर्लक्ष करू नये म्हणून लिहितो. झोंबणारा वास आला तर आधी ब्लोअर आणि चावी बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, शोध नंतर. बहुतेक वेळा ब्लोअरचं बुशिंग सुकून मोटर जड झालेली असते किंवा वेग कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरवर सुकी पानं साचलेली असतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी जास्त अँपिअरचा घातला असेल तर वायरच फ्यूजचं काम करते. आकडा गाडीच्या फ्यूजबॉक्सवर बघून तोच घाला.

तिसरी शक्यता जळक्या ऑइलच्या वासाची. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर गळतं आणि बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर कडक झालं असेल तर तो धूर ताज्या हवेच्या जाळीतून आत ओढला जातो. हवा आतल्या आत फिरवण्यावर लिव्हर ठेवला आणि धूर थांबला, तर उगम बॉनेटखाली आहे.

शाहूपुरी_800
टोपणावर 0.9 छापलंय, तेवढं प्रेशर दिलं. दहा मिनिटांत काटा 0.6 वर. बॉनेटखाली एक थेंब नाही, पण हीटर बॉक्सच्या खालच्या कडेला हिरवा थेंब लोंबत होता. फडक्यावर डागही हिरवा. हेड गॅस्केटची शंका कशी घालवू? आणि एक जण रेडिएटरमध्ये हळद टाक म्हणतोय.

उद्यमनगरी
हळद नको, गळती बुजवणारी पावडरही नको. छिद्र बुजेल न बुजेल, पण कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गाळ बसेल आणि पुढच्या चढावर गाडी तापेल.

फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) कोअरला जाणारे दोन होज, म्हणजे रबरी पाइप, काढा. ओढू नका, कोअरच्या पितळी नळीला तडा जातो. ब्लेडनं होज उभा चिरा. मग दोन्ही टोकं नव्या होजच्या तुकड्यानं जोडा. आतला व्यास मोजून घ्या, बऱ्याच गाड्यांत तो 16 मिमी असतो. चार दिवस असंच चालवा, पन्हाळ्याला एक फेरी मारा. वाफ गेली तर कोअरच.

हेड गॅस्केटसाठी थंड इंजिन टोपण काढून सुरू करा. पहिल्या मिनिटाला थोडे बुडबुडे चालतील. थांबेचनात आणि रेस केल्यावर वाढले तर ज्वलनाचा गॅस पाण्यात येतोय. हे आधी बघा, कारण गॅसच्या प्रेशरनं नवा कोअरही फुटतो.

कोअर तांब्या-पितळेचा असेल तर उद्यमनगरात रेडिएटरवाल्याकडून झाळून घ्या. गळती टाकीच्या सांध्याला असेल तर झाळणं टिकतं. नळ्यांवर जागोजागी हिरवे ठिपके असतील तर नवाच घ्या. बसवण्याआधी पाण्यात बुडवून 1 किलो प्रेशरच्या हवेवर तपासायला लावा, समोर उभं राहून. कोअरभोवतीचा जुना फोम कुजलेला असतो, तोही बदला.

भरताना लिव्हर पूर्ण गरमवर, गाडीचं तोंड चढाकडे, टोपण उघडं. वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन स्लोवर चालू द्या म्हणजे अडकलेली हवा निघते. नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. काचेवरचा थर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यानं दोनदा धुवा, मग निघतो. दोन दिवसांनी होजच्या क्लिपा पुन्हा अर्धा आटा आवळा.