नगररचना योजना: ४० आरचे २० आर होणार आणि वर पैसेही भरायचे? नमुना १ कसा वाचायचा?

बांधावरून
शहराच्या हद्दीला लागून असलेल्या गावावर नगररचना योजना (सगळे टीपी स्कीमच म्हणतात) आली आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली. हरकतीला ३० दिवस आहेत, त्यातले ११ गेले.

७/१२ वर लागवडीखालचं क्षेत्र ३८ आर आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) २ आर, एकूण ४० आर (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर). तीन भावांची नावं सामाईक आहेत. वाटणी तोंडी झालेली, फाळणी (मोजून वेगळे हिस्से पाडणं) नाही. जमिनीत विहीर आहे आणि साधारण ९० चौरस मीटरचं जुनं घर आहे. आराखड्यातला २४ मीटरचा रस्ता जमिनीच्या मधून जातो. अंतिम भूखंड २,००० चौरस मीटरचा दाखवलाय, पण तो जुन्या जागेपासून बराच लांब. नमुना १ (प्रत्येकाच्या जमिनीच्या मूल्याचा तक्ता) मध्ये शेवटच्या रकान्यात ३ लाख रुपये येणे दाखवले आहेत, म्हणजे आम्हीच भरायचे.

प्रश्न तीन. अर्धी जमीन देऊन पैसे का भरायचे? हरकत नेमकी कशावर घेतली तर उपयोग होतो? तिघांनी वेगवेगळे भूखंड मागावेत का?

नकाशावाचक
आधी एक गैरसमज दूर करू. ही भूसंपादनाची केस नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली जमीन एकत्र करून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढतात आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत देतात. म्हणून '२० आरचे पैसे' असे वेगळे हातात पडत नाहीत, ते हिशोबात वळते होतात. तो हिशोब नमुना १ मध्ये असतो. तुमचा ३ लाखांचा आकडा कसा येऊ शकतो ते बघा. खालचे दर समजण्यासाठी धरलेत, तुमच्या तक्त्यातले दर त्या जागी घाला.

मूळ भूखंड ४,००० चौ. मी. × २,००० रुपये = ८० लाख.
अंतिम भूखंड, अविकसित मूल्य (नवा आकार आणि जागा धरून, पण कामं झालेली नाहीत असं समजून) २,००० चौ. मी. × २,३०० = ४६ लाख.
फरक ३४ लाख. ही तुमची भरपाई.
अंतिम भूखंड, विकसित मूल्य (रस्ते, पाणी, गटारं झाली असं धरून) २,००० × ६,००० = १ कोटी २० लाख.
वाढ = १२० वजा ४६ = ७४ लाख. कायद्याने वाढीच्या जास्तीत जास्त निम्मं अंशदान घेता येतं, म्हणजे ३७ लाख.
३७ वजा ३४ = ३ लाख येणे.

आता यातला कोणता आकडा किती हलतो ते पाहा. मूळ भूखंडाचा दर २,००० ऐवजी २,२०० धरला तर मूळ मूल्य ८८ लाख आणि भरपाई ४२ लाख होते. अंशदान ३७ लाखच राहतं. म्हणजे ३ लाख देण्याऐवजी ५ लाख मिळतात. दरात फक्त २०० रुपयांचा फरक आणि निकालात ८ लाखांचा! उलट, विकसित दर ६,००० वरून ५,५०० वर आणला तर अंशदान ३२ लाख होतं, फरक ५ लाखांचाच. लोक सगळी ताकद 'विकसित दर फार लावला' या वाक्यावर घालवतात. मूळ दर पूर्ण ४० आरला लागतो आणि रुपयाला रुपया मोजला जातो. विकसित दर अर्ध्या क्षेत्राला लागतो आणि त्यातलंही निम्मंच अंशदान म्हणून येतं. त्यामुळे पहिलं भांडण मूळ दराचं.

हा मूळ दर योजनेचा इरादा जाहीर झाला त्या तारखेचा असतो, आजचा नाही. म्हणून आजचे व्यवहार दाखवून फायदा नाही. त्या तारखेच्या आधीच्या वर्ष-दीड वर्षातले, त्याच गावातले, तशाच जमिनीचे नोंदणीकृत व्यवहार शोधा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) च्या प्रती काढा. गाव रस्त्याला लागलेली जमीन आणि आतली जमीन एकाच दराने धरली असेल तर ते गट नंबर देऊन लिहा. शेजाऱ्याच्या रकान्याशी तुलना केलेली हरकत अधिकाऱ्याला नुसती 'दखल घेतली' म्हणून बाजूला टाकता येत नाही.

विहीर आणि घराचं मूल्य वेगळं असतं. नमुन्यात बांधकामाशिवाय आणि बांधकामासह असे दोन रकाने येतात. दोन्हींत एकच आकडा असेल तर तुमचं घर हिशोबात आलेलंच नाही. आजच तपासा.

टिपण_गुणाकार
क्षेत्राबद्दल सांगतो, कारण दरापेक्षा चुका इथे जास्त होतात.

पोटखराब्याचे २ आर धरलेत का ते आधी बघा. तक्ता करताना कधी कधी फक्त लागवडीचं क्षेत्र उचललं जातं. तुमच्या बाबतीत ३८ धरले असते तर ५० टक्क्यांनी १,९०० चौरस मीटर आले असते, २,००० आलेत म्हणजे ४० धरलेले दिसतात. तरीही रकान्यातला आकडा डोळ्यांनी पाहा. आजूबाजूच्यांनाही सांगा.

७/१२ चं क्षेत्र आणि जागेवरचा कब्जा जुळत नसेल तर भूमि अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज आत्ताच टाका. 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) ३० दिवसांत हातात येणार नाही, पण हरकतीला मोजणी फी भरल्याची पावती जोडता येते आणि पुढे लवादासमोर (भूखंड आणि आकडे पक्के करणारा अधिकारी) 'क' प्रत दाखवता येते. बांध पुढेमागे सरकलेला असेल तर जुनं टिपण आणि गुणाकार बुक या जुन्या मोजणीच्या नोंदींची नक्कल काढून ठेवा.

भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळाचा शेरा, बँकेचा बोजा हे सगळं अंतिम भूखंडाच्या मागे येतं. योजनेमुळे ते पुसलं जात नाही. मयताचं नाव ७/१२ वर असेल तर वारस फेरफार आधी करून घ्या. तक्त्यात मयताचं नाव राहिलं की नोटीस त्याच नावाने निघते, सुनावणीला कुणी हजर राहत नाही, आणि निर्णय मात्र लागू होतो.

तीन भूखंड मागण्याआधी कागदावर चौकोन काढून बघा. ६६६ चौरस मीटरचा भूखंड समजा २० × ३३ मीटर. समोर ६ मीटर आणि बाकी तीन बाजूंना ३ मीटर मोकळं सोडलं तर बांधायला १४ × २४, म्हणजे ३३६ चौरस मीटर उरतात. तिघांचे मिळून १,००८. तोच एकत्र २,००० चौरस मीटरचा ४० × ५० भूखंड घेतला तर ३४ × ४१, म्हणजे १,३९४ चौरस मीटर. इमारत उंच झाली की सोडायची जागा वाढते आणि छोट्या भूखंडाचं नुकसान आणखी वाढतं. एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) किती आहे याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तो भूखंडावर बसतो.

भावांमध्ये खरंच वेगळं व्हायचं असेल तर तिघांच्या सह्यांचं एकच पत्र द्या: वेगळे भूखंड, पण एकमेकांना लागून. पुढे जोडता येतात. तोंडी वाटणी प्राधिकरणाला दिसत नाही. त्यांना ७/१२ दिसतो.

गावठाण_ते_महानगर
वरचं दोघांचं बरोबर आहे, पण माझ्या मते सर्वात मोठी हरकत पैशाच्या दुसऱ्या बाजूवर घ्यायला हवी. तुमचे ३ लाख, शेजाऱ्याचे ५ लाख असं जमून जे पैसे येतात त्यातून रस्ते, पाणी, मैलापाणी होणार आहे का?

योजनेसोबत खर्चाचा तक्ता असतो. त्यात बघा: पाण्याची फक्त गल्लीतली वाहिनी धरली आहे की उंच टाकी आणि मुख्य वाहिनीही? मैलाशुद्धीकरण केंद्र आहे का? नाला ओलांडणारे पूल? पथदिवे? हे नसेल तर विकसित दर लावण्याचा आधारच लंगडा आहे. 'ज्या सुविधा खर्चात नाहीत, त्यांचं मूल्य विकसित दरात धरू नये' एवढं एक वाक्य लेखी द्या. त्याला उत्तर देणं भाग पडतं.

दुसरी गोष्ट वेळेची. खर्चाचा अंदाज आज बांधला जातो. बांधकामाचा खर्च वर्षाला ७ टक्के वाढला तर १० वर्षांत जवळपास दुप्पट होतो, अंशदान मात्र ठरल्या आकड्यावर राहतं. मग रस्त्याचा मुरूम पडतो आणि गटार राहून जातं. योजना उशिरा झाली तर जमीनमालकाचं नुकसान होतं तसं नगराचंही होतं, कारण भूखंड बांधले जात नाहीत, मालमत्ता कर येत नाही, आणि जे थोडे लोक राहायला येतात ते टँकरवर जगतात.

हे चालतं का, तर चालतं. पुण्यात एरंडवणे, भांबुर्ड्याच्या पत्त्यांत अजून फायनल प्लॉट नंबर लिहितात, मुंबईत वांद्र्याला 'टीपीएस' (टाउन प्लॅनिंग स्कीम) नावात आहे. ते भाग अशाच योजनांतून आखले गेले, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आहे. आपल्याकडे मधली कित्येक वर्षं ती जवळपास बंद पडली आणि गुजरातने चालू ठेवली. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड मोठ्या प्रमाणात नगररचना योजनांतून मिळालेल्या जागेवर उभा आहे. २००१ च्या भूकंपानंतर भूजचा जुना गाभाही याच पद्धतीने पुन्हा आखला. तिथे रस्त्याची जागा लवकर ताब्यात घेऊन रस्ता आधी करण्यावर भर असतो, भूखंडाच्या किमतीचे वाद मागून चालतात. प्रारूप मंजूर झाल्यावर रस्त्याची जागा आधी घेण्याची सोय आपल्या कायद्यातही आणली आहे. ती वापरली जाईल का, हे तुमच्या प्राधिकरणाला लेखी विचारा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आंध्र प्रदेशच्या नियोजित राजधानीसाठी, तिथल्या अमरावतीला, २०१५ पासून शेतकऱ्यांनी सुमारे ३३,००० एकर जमीन एकत्रीकरणात दिली. तो वेगळ्या कायद्याखालचा, संमतीचा प्रकार. २०१९ ला सरकार बदललं, राजधानीचं काम थांबलं, आणि भूखंड कागदावर राहिले. वार्षिक मोबदला करारात होता म्हणून निदान काही आधार होता. नगररचना योजनेत तसा वार्षिक मोबदला नसतो. म्हणून 'पीक कधीपर्यंत घेता येईल, ताबा कधी द्यायचा' हे आताच विचारून ठेवा.

आणि गाव कुणाच्या हद्दीत राहणार याकडे लक्ष ठेवा. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली आणि नंतर त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. असा बदल झाला की नियोजन प्राधिकरण कोण, जमा झालेलं अंशदान कुणाच्या खात्यात, काम कोण करणार, हे तिन्ही प्रश्न नव्याने उभे राहतात.

बांधावरून
बांधकामासह आणि बांधकामाशिवाय दोन्ही रकान्यांत आकडा एकच आहे. घर धरलेलंच नाही. भूखंड लांब दिलाय त्याचं काय करता येईल? आणि एक दलाल 'हरकतीच्या भानगडीत पडू नका, आत्ताच विका' म्हणतोय.

नकाशावाचक
लांब जाण्याचं कारण आधी समजून घ्या. तुमच्या जमिनीतून २४ मीटरचा रस्ता गेलाय. जमिनीची लांबी त्या दिशेने १०० मीटर असेल तर २,४०० चौरस मीटर रस्त्यातच गेले, राहिलेल्या १,६०० चे दोन तुकडे. २,००० चा सलग भूखंड तिथे बसतच नाही. त्यामुळे 'मूळ जागीच द्या' एवढंच लिहिलं तर हरकत फेटाळली जाईल. नकाशावर रस्त्याच्या कडेचा पर्यायी भूखंड स्वतः आखा, शेजारच्या दोन गट नंबरांशी अदलाबदल कशी होईल ते दाखवा, त्यांची संमती जोडा. घर रस्त्याबाहेर राहत असेल तर ते अंतिम भूखंडाच्या आत घेण्याची मागणी नकाशावर लाल रेघेने करा. सोबत घराचा मालमत्ता कर उतारा, वीजबिल, जुनी घरपट्टी पावती.

टिपण_गुणाकार
विक्रीबाबत: दलाल देतोय तो दर ४० आरचा आहे की २० आरच्या अंतिम भूखंडाचा, हे कागदावर लिहून मागा. तोंडी बोलताना एकरी भाव सांगतात आणि खरेदीखतात 'योजनेत मिळणारे सर्व हक्क' लिहून घेतात. एकरी भावाला ४० आरने गुणून येणारी रक्कम आणि २,००० चौरस मीटर विकसित भूखंडाची रक्कम शेजारी ठेवा, म्हणजे कळेल. येणे दाखवलेले ३ लाख कोण भरणार तेही त्यातच यायला हवं. कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका, निदान लवादाची सुनावणी होईपर्यंत तरी नाही. भूखंडाची जागा आणि आकडे पक्के होण्याआधी सुनावणीला तुमच्या वतीने दुसराच माणूस उभा राहतो आणि तो काय मान्य करून आला ते तुम्हाला महिन्यांनी समजतं.

गावठाण_ते_महानगर
हरकत तिघांच्या सह्यांची, मुद्देनिहाय क्रमांक टाकून, दोन प्रतीत द्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ईमेल पाठवला तरी कागदी प्रत द्याच. प्रारूपावरच्या हरकतीत जो मुद्दा नोंदला आहे तो लवादासमोर पुन्हा मांडायला सोपा जातो. लवादाची विशेष नोटीस आली की तारीख चुकवू नका, त्या दिवशी याच शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स घेऊन जा. गावात ज्यांच्या ७/१२ वर मयतांची नावं आहेत, त्यांनाही उरलेल्या १९ दिवसांत सांगा.