सेरेब्रल पाल्सी असलेल्या भावाला एकट्याने खुर्चीत कसं घ्यावं? आणि जेवताना लागणारा ठसका

स्नेहल: भाऊ ३१ वर्षांचा, स्पास्टिक सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू ताठ राहतात), वजन ५६ किलो. उजवी बाजू बरी, आधार दिला की काही सेकंद उभा राहतो. पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायला आत्ता दोघं लागतात आणि आईची कंबर धरली आहे. एकट्याने जमेल का? शिवाय त्याला सगळ्यांच्या पंगतीला बसवायचं आहे, पण पाणी, चहा पिताना ठसका लागतो.

मुकुंद: उभा राहतो म्हणजे जमण्यासारखं आहे. आधी उंची बघा. माणूस बसल्यावर दबलेली गादी आणि खुर्चीची सीट एका पातळीत हवी. खुर्ची त्याच्या उजव्या हाताला, पलंगाशी साधारण ३० ते ४५ अंशांत तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या बाजूला करा, खुर्चीचा पलंगाकडचा हात निघत असेल तर काढा.

बगलेत हात घालून कधीच उचलू नका, खांदा निखळतो. कमरेला कपड्यांवरून ट्रान्सफर बेल्ट (माणसाला धरून हलवण्यासाठीचा रुंद पट्टा) बांधा, आत दोन बोटं जातील इतका घट्ट. त्याला पलंगाच्या कडेला आणा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. तुमच्या गुडघ्यांनी त्याचे गुडघे अडवा. आता त्याला पुढे वाकू द्या, बूड आपोआप हलकं होईपर्यंत. बहुतेक जण इथेच चुकतात, सरळ वर ओढतात. एक-दोन-तीन त्यालाच मोजू द्या. अंग त्याचं आहे, कधी उठायचं तेही त्यानेच ठरवावं. वळताना कंबर पिळू नका, पावलं टाकत वळा.

घाई केली की अंग ताठतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तेव्हा जोर लावू नका. परत बसवा, गुडघे सावकाश वाकवा, ताठरपणा उतरू द्या.

स्नेहल: बेल्टऐवजी जुन्या साडीचा पट्टा चालेल का?

मुकुंद: नको ताई. गाठ सरकते आणि कापड गोळा होऊन पोटात रुततं. पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून त्यांच्यासमोर करा. ज्या दिवशी गुडघे लटपटतील त्या दिवशी दोघांनीच घ्या.

वैशाली: पाणी पातळ असतं, घसा तयार व्हायच्या आत मागे पोचतं, म्हणून ठसका. त्यात साध्या पेल्याच्या तळाशी गेलं की मान मागे जाते. प्लास्टिकच्या पेल्याला एका बाजूने नाक मावेल अशी खाच कापा, धार पॉलिश पेपरने घासा आणि पलीकडच्या कडेने पाजा. हनुवटी किंचित खालीच राहते.

भरवणाऱ्याने उभं राहू नये, समोर बसावं. चमचा वरून आला की तोंड वर होतं. अर्धा चमचा द्या, गिळल्याचं दिसलं की पुढचा. मऊ भात घट्ट वरणात कालवा. पातळ आमटीत सुटी शितं मात्र नकोत, पाणी आधी उतरतं आणि शितं मागे राहतात. पोहे, चिवडा, शेंगदाणे टाळा. जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवा.

जेवताना आवाज घरघरीत, ओलसर झाला तर तिथेच थांबा. वारंवार ताप किंवा वजन घटणं दिसलं तर ठसका नसला तरी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. पाणी किती दाट करायचं तेही त्यांनाच ठरवू द्या.

मुकुंद: थेरपीच्या खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा बघा. सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, वयाची अट नाही, १ लाखापर्यंत संरक्षण. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तयार ठेवा.