मदत हवी आहे: अमेरिकेतला वितरक १०० टक्के टॅरिफचं कलम करारात घालतोय, सही करू का?

पहिलापडदा (६ ऑक्टोबर २०२५)
तातडीने उत्तर हवंय, शुक्रवारी सही करून पाठवायची आहे. आमचा मराठी सिनेमा नोव्हेंबरअखेर अमेरिकेत लागणार आहे. शहरं ठरली, पोस्टर गेलं आणि आता वितरकाने करार बदलून पाठवलाय. नवीन कलम असं: "परदेशात निर्माण झालेल्या चित्रपटांवर लागू झालेला किंवा लागू होऊ शकणारा कोणताही कर, शुल्क अथवा टॅरिफ निर्मात्याच्या हिश्शातून वळता करून घेण्यात येईल." फोन केला तर म्हणतात, ट्रम्पनी १०० टक्के लावलाय, बातम्या वाचा.

मला एवढंच सांगा. लागू झालाय की नाही? १०० टक्के म्हणजे कशाचे? भारतावर ५० टक्के लागलेत त्यातच हा धरलाय की वेगळा? राजकारणावर चर्चा नको, प्लीज.

जर्सीवासी
लागू झालेला नाही. ४ मे रोजी ट्रम्प यांनी ट्रुथ सोशलवर (त्यांच्या स्वतःच्या समाजमाध्यमावर) लिहिलं की परदेशात बनलेल्या सगळ्या सिनेमांवर १०० टक्के टॅरिफ लावायची प्रक्रिया सुरू करायला वाणिज्य खात्याला सांगतोय. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की अंतिम निर्णय झालेला नाही. २९ सप्टेंबरला त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. दोन्ही वेळा पोस्टच्या पुढे काही आलं नाही. ना आदेश निघाला, ना आकारणी कशी करायची याचा कागद. इथे न्यू जर्सीत एडिसनला हिंदी-तेलुगू सिनेमे नेहमीच्याच तिकिटात चालू आहेत. बिनधास्त सही करा.

न्हावाशेवा
बिनधास्त वगैरे सांगू नका हो, समोरच्याचे पैसे अडकतात. पहिलापडदा, सिनेमा तिकडे जातोय कसा ते तुम्ही लिहिलंच नाही. हार्ड डिस्क कुरियरने जाणार की नेटवरून? मी बंदरावर मालाच्या क्लिअरिंगमध्ये (कस्टममधून माल सोडवण्याच्या कामात) आहे म्हणून सांगतो, सगळं त्यावर अवलंबून आहे. रिळं जायची तेव्हा ती कस्टमच्या ३७०६ या कोडखाली जायची. डिस्क असेल तर ८५२३. डिस्क म्हणजे माल, आणि भारतीय मालावर २७ ऑगस्टपासून ५० टक्के आहेत. इन्व्हॉइसवर किंमत काय टाकणार? नुसत्या डिस्कची, की आत भरलेल्या सिनेमाची? आधी हे सांगा.

ताळेबंद
टॅरिफपेक्षा आयकराकडे लक्ष द्या. अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर तिथे मुळात ३० टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारातल्या कलम १२ प्रमाणे, ज्यात चित्रपटांचे हक्क स्पष्ट नमूद आहेत, हा दर १५ टक्क्यांवर येतो. त्यासाठी कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई फॉर्म पैसे सुटायच्या आधी वितरकाकडे द्यावा लागतो. तो अमेरिकन आयकर खात्याकडे पाठवायचा नसतो. त्यात तुमचा पॅन टाकता येतो. इथे रिटर्न भरताना फॉर्म ६७ भरून कापलेल्या कराची वजावट घ्या. बहुतेक छोटे निर्माते हे करतच नाहीत आणि ३० टक्के तिकडेच सोडून येतात.

पहिलापडदा
डिस्क जात नाही. इथल्या लॅबमधून डीसीपी (सिनेमाची थिएटरसाठीची डिजिटल फाइल) अपलोड होणार, केडीएम (ती फाइल उघडायची किल्ली) थिएटरनुसार ईमेलवर. हे सगळ्यांचं असंच असतं ना आता? मी आयकराचं विचारलेलं नाही. हो की नाही तेवढं सांगा, वेळ कमी आहे.

कलमवाली
दादा, हो-नाहीत याचं उत्तर देता येणार नाही, कारण तुम्ही अर्धी माहिती मनात ठेवली आहे. पैसे कसे ठरलेत? ठोक रक्कम आधी मिळणार की थिएटरच्या वाट्यानंतर टक्केवारी? खर्च आधी कोण वळता करणार? सिनेमाचं शूटिंग पूर्ण भारतात झालंय का? सहनिर्माता कोण? आणि करार फक्त थिएटरचा आहे की ओटीटीसुद्धा? मी अंधेरीत बरीच वर्षं निर्मात्यांचे करार तपासायचं काम केलंय. अमेरिकन वकील नाही, पण असली कलमं ओळखीची आहेत.

सिनेपोथी
"१०० टक्के कशाचे" हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो आधीही कोणीतरी सोडवून पाहिलाय. ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी परदेशी सिनेमांच्या कमाईवर ७५ टक्के शुल्क लावलं. युद्धामुळे डॉलर संपत आले होते आणि हॉलिवूडचे सिनेमे ते घेऊन जात होते. पेच असा होता की सिनेमाची पेटी बंदरात उतरते तेव्हा त्याची कमाई झालेलीच नसते. मग अंदाजावर आकारणी. हॉलिवूडने लगेच नवे सिनेमे पाठवणं थांबवलं. ब्रिटिश थिएटरं जुनेच सिनेमे फिरवत बसली. मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली, शुल्क गेलं, त्याऐवजी वर्षाला १.७ कोटी डॉलर एवढेच अमेरिकेला न्यायचे असं ठरलं. आणि अडवून धरलेले सगळे अमेरिकन सिनेमे एकदम थिएटरात आले. त्या काळात जे. आर्थर रँक यांच्यासारख्या ब्रिटिश निर्मात्यांनी मोकळ्या पडद्यांच्या भरवशावर सिनेमे काढायला घेतले होते, त्यांना या लोंढ्यात जबर फटका बसला. शुल्कामुळे ज्यांचं भलं होईल असं वाटत होतं, फटका त्यांनाच बसला. मला या सगळ्या प्रकरणाची भीती वाटते ती यासाठी.

न्हावाशेवा
माहिती छान, पण त्यांच्या शुक्रवारच्या सहीचा याच्याशी संबंध काय?

सिनेपोथी
संबंध असा की आज आकारणीचा पाया कोणी सांगितलेला नाही. तिकीटविक्री, निर्मितीखर्च की हक्कांची किंमत? प्रत्येकाचा आकडा वेगळा. पाया माहीत नसताना "कोणताही टॅरिफ माझ्या हिश्शातून" यावर सही करणं म्हणजे कोरा चेक आहे.

जर्सीवासी
न्हावाशेवा, तुमचं ५० टक्क्यांचं विधान तपासा. भारतावरचे ते टॅरिफ १९७७ च्या आणीबाणी अधिकारांच्या कायद्याखाली लावलेत. त्याच कायद्यात १९८८ पासून माहितीपर साहित्याला सूट आहे आणि त्या यादीत पुस्तकं, छायाचित्रं यांच्यासोबत फिल्म हा शब्द स्पष्ट लिहिलाय. म्हणजे त्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना सिनेमाला हातच लावता येत नाही. शिवाय तो कायदा टॅरिफसाठी वापरता येतो का यावरच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ५ नोव्हेंबरला सुनावणी आहे. खालची दोन्ही न्यायालयं सरकारच्या विरोधात गेली आहेत.

न्हावाशेवा
कायदा पुस्तकात असतो, खिडकीवर अधिकारी असतो. सूट आहे हे सिद्ध करायला कागद तुम्हालाच दाखवावे लागतात, तोवर माल पडून. आणि दुसरा रस्ता आहे की. १९६२ च्या कायद्यातलं कलम २३२, राष्ट्रीय सुरक्षेचं. पोलादावर त्यानेच लावलं. मे महिन्याच्या पोस्टमध्ये सुरक्षेचा उल्लेख उगीच नव्हता.

जर्सीवासी
कलम २३२ मध्ये वाणिज्य खात्याची रीतसर चौकशी लागते, तिला २७० दिवसांची मुदत आहे. सिनेमाची तशी चौकशी जाहीर झालेली नाही. आणि यांचा सिनेमा नेटवरून जातोय. इलेक्ट्रॉनिक पाठवणीवर सीमाशुल्क लावायचं नाही असं जागतिक व्यापार संघटनेत १९९८ पासून ठरलंय, २०२४ ला अबू धाबीत ते मार्च २०२६ पर्यंत वाढवलं. ते टिकवायला अमेरिकाच आग्रही होती, आणि भारत त्याच्या विरोधात होता.

सह्यकडा
अमेरिकेतल्या पडद्यांची एवढी काळजी, आणि इथे मराठी सिनेमाला सकाळी ९ चा आणि दुपारी १ चा शो मिळतो त्याचं काय? २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं, केवढा गदारोळ झाला होता, शेवटी वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणून दिली. कोरियाने स्वतःच्या सिनेमासाठी वर्षाला १४६ दिवस पडदे राखून ठेवले होते, अमेरिकेशी व्यापारकरार करायच्या आधी २००६ ला ते ७३ करावे लागले. तेव्हा तिथले कलाकार रस्त्यावर आले. आपल्याकडे कोण येतं?

चित्रवेडी
+१. आमच्या सांगलीत मराठी सिनेमा दुसऱ्या आठवड्यात शोधूनही सापडत नाही.

सिनेपोथी
सह्यकडा, राखीव पडदे आणि टॅरिफ यात फरक आहे. गॅट या जागतिक व्यापाराच्या १९४७ च्या करारात कलम ४ खास सिनेमासाठी आहे, त्यात पडदे राखून ठेवायला परवानगी दिली आहे. म्हणजे देशी सिनेमा जपायचा तर मान्य मार्ग पहिल्यापासून आहे.

सह्यकडा
मग महाराष्ट्राने तो नीट वापरावा, एवढंच माझं म्हणणं.

पहिलापडदा
कृपया मराठी पडद्यांचा वेगळा धागा काढा. कलमवाली ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: ठोक रक्कम नाही. थिएटरचा वाटा आणि प्रसिद्धीखर्च वजा जाता उरेल त्यात आमचे ६० टक्के. ओटीटी करारात नाही. शूटिंग पुणे आणि गोव्यात, फक्त दोन गाणी स्कॉटलंडमध्ये. सहनिर्माता माझा मावसभाऊ, तो डॅलसला असतो, अमेरिकन नागरिक आहे, निम्मे पैसे त्याच्या तिथल्या कंपनीचे. यावरून काही फरक पडतो का?

कलमवाली
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! फरक पडू शकतो. ट्रम्प यांच्या पोस्टमध्ये "अमेरिकेबाहेर बनलेले" एवढंच म्हटलंय. पैसा अमेरिकन आणि शूटिंग बाहेरचं, असे सिनेमे तर हॉलिवूडचेच ढीगभर आहेत. ब्रिटन, हंगेरी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया करसवलती देतात म्हणून ते तिकडे जातात, आणि खरा राग त्यावरच आहे. तुमचा सिनेमा कुठल्या बाजूला धरतील हे आज कोणीच ठरवलेलं नाही.

म्हणून मी सही थांबवणार नाही, कलम बदलून मागेन. "लागू होऊ शकणारा" हे शब्द आधी काढून टाका. ते राहिले तर वितरक उद्या येईल-न येईल अशा कराच्या नावाखाली तुमचे पैसे आजच दाबून ठेवू शकतो, आणि छोट्या निर्मात्याचा पैसा एकदा अडकला की अमेरिकेत जाऊन भांडणं परवडत नाही. त्याजागी लिहा: याच चित्रपटावर सरकारने प्रत्यक्ष वसूल केलेली रक्कम, सरकारी पावती दाखवल्यावरच. दुसरं, भार एकट्या निर्मात्यावर का? ज्या प्रमाणात नफा वाटताय त्याच प्रमाणात शुल्क वाटा, म्हणजे ६०-४०. तिसरं, कमाल मर्यादा घाला. शुल्क त्यापुढे गेलं तर प्रदर्शनाआधी दोघांपैकी कोणालाही करार सोडता यावा, आणि तोवरचा प्रसिद्धीखर्च तुमच्या डोक्यावर येऊ नये. हे लिहून झाल्यावर अमेरिकेतल्या वकिलाला तासाभरासाठी का होईना दाखवा. भाऊ डॅलसला आहे तर त्याला सांगा.

ताळेबंद
भावाच्या कंपनीचा वाटा अमेरिकन कंपनीचा म्हणून वेगळा दाखवा, त्यावर ही परदेशी कपात लागू नाही. म्हणूनच मी आधी आयकराचं लिहिलं होतं.

जर्सीवासी
या गोंधळातला एक मुद्दा: सिनेमाच्या व्यापारात अमेरिका तोट्यात नाहीच. २०२३ मध्ये २२.६ अब्ज डॉलरची निर्यात आणि १५.३ अब्जांची शिल्लक, असं त्यांच्याच स्टुडिओंच्या संघटनेचं म्हणणं आहे. सगळ्या देशांनी उलट टॅरिफ लावलं तर सर्वात जास्त नुकसान त्यांचंच. चीनने एप्रिलमध्येच हॉलिवूडचे सिनेमे कमी घेणार म्हणून सांगितलं.

चित्रवेडी
पण लॉस एंजेलिसमधल्या सेटवरच्या सुतारांची, लाइटवाल्यांची कामं खरोखर गेली आहेत, हे नाकारू नका. माझी नणंद तिथे वेशभूषा विभागात आहे, तिला महिनोन्‌महिने काम नसतं. कॅलिफोर्नियाने या वर्षी करसवलत ३३ कोटींवरून ७५ कोटी डॉलर केली ती त्यासाठीच. मला तो मार्ग पटतो. टॅरिफमुळे नणंदेला काम मिळेल असं मात्र वाटत नाही.

पहिलापडदा
ताई, तिन्ही बदल लिहून पाठवले. "लागू होऊ शकणारा" काढायला आणि सरकारी पावतीला ते तयार झालेत. ६०-४० ला नाही म्हणतात. मर्यादेवर उत्तर नाही. अडून बसू का?

कलमवाली
मर्यादेवर बसा, ६०-४० सोडलं तरी चालेल. मर्यादा असेल तर किती बुडेल ते तुम्हाला आजच कळतं.

संगणकचित्र
मी पुण्यात व्हीएफएक्समध्ये (सिनेमातली संगणकावरची दृश्यं करण्याच्या कामात) आहे, आमचं बहुतेक काम अमेरिकन सिनेमांचं. सिनेमा तिकडे शूट झाला पण इफेक्ट्स इथे झाले, तर तो "बाहेर बनलेला" धरतील का? ऑफिसात कोणी काही सांगत नाही आणि नवीन प्रोजेक्टही येत नाहीयेत. घराचा हप्ता चालू आहे.

जर्सीवासी
व्याख्याच नसल्याने याचं उत्तर आज नाही. सेवेवर टॅरिफ लावायची नेहमीची पद्धत नाही, एवढं म्हणता येईल. तुमचं काम अमेरिकन स्टुडिओकडून थेट येतं की लंडन किंवा व्हँकुव्हरच्या शाखेमार्फत?

न्हावाशेवा
आणि इन्व्हॉइस कोणाच्या नावे फाटतं तेही लिहा.