मदत हवी आहे: रेस्ट अ‍ॅश्युअर्डमध्ये दोन्हीकडे आकडा तोच, तरी टेस्ट फेल (पटकन सांगा, लाइन जाईन)

पऱ्हाटीवाला
राजेहो, सकाळपासून डोकं धरून बसलो. कापसाच्या भावाचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामले आकडे देणारी सोय) हाय, रेस्ट अ‍ॅश्युअर्डनं, म्हणजे जावातल्या एपीआय-टेस्टच्या लायब्ररीनं, तपासून राहिलो. ७१२१.५ यायला पाहिजे, ७१२१.५ च येऊन राहिले, तरी टेस्ट लाल. मावेन (जावाचं बिल्ड टूल) क्लीन करून झालं, लॅपटॉप बंद-चालू करून झाला. संध्याकाळी डेमो हाय. हिंगणघाटपासून बरंच आत बसलो, लाइनचा भरोसा नाई, बॅटरी दीड तास पुरन. कोणाले माहीत असन तर सांगा.

संत्रानगरी
जावा कायले वापरतो बे? कराटे घे, तेही एपीआय टेस्टचंच टूल. फीचर फाइलमध्ये सरळ लिहायचं, क्लास नाही काही नाही. आमच्या टीमनं दोन वर्षांपासून रेस्ट अ‍ॅश्युअर्डला हातच लावला नाही.

शून्यबग
कराटेसुद्धा जेव्हीएमवरच, म्हणजे जावाच्या इंजिनावरच चालतं, जावा सुटत नाही. आणि डेमोच्या दिवशी कोणी टूल बदलतं का? पऱ्हाटीवाला, एरर जशीच्या तशी टाका. टेस्टची ओळ आणि व्हर्जनही.

जुना_खोडवा
मावेनच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे लायब्रऱ्यांच्या यादीत, रेस्ट अ‍ॅश्युअर्ड हे जेयुनिटच्या (टेस्ट चालवणारी लायब्ररी) वर टाका. खाली असलं की हॅमक्रेस्टचं (इक्वलटूसारख्या तुलना करणारी लायब्ररी) चुकीचं व्हर्जन उचललं जातं. अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे. माझे तीन दिवस यात गेले होते.

पऱ्हाटीवाला
वर-खाली करून पाह्यलं, काही फरक नाई. वरून हॉटस्पॉटवर मावेन पुन्हा काहीबाही डाउनलोड करत बसलं, अर्धा जीबी गेला. मोबाईलवरून लिहून राहिलो, मराठी कीबोर्ड हाय, कोड कसा टाकू? गिव्हन, व्हेन, देन, मग बॉडीत 'भाव' आणि इक्वलटू ७१२१.५. बस एवढंच. व्हर्जन ५ पॉइंट काहीतरी.

जुना_खोडवा
डाउनलोड वाचवायचं तर मावेनला डॅश ओ देऊन चालवा, ऑफलाइन चालतं. जे एकदा उतरलं तेच वापरतं.

टेस्टर_ताई
सर्टिफिकेटचा घोळ असेल. रिलॅक्स्ड एचटीटीपीएस व्हॅलिडेशन लावून बघा.

पऱ्हाटीवाला
ताई, रिस्पॉन्स येऊन राहिला ना. सर्टिफिकेट कुठून आलं मधात?

शून्यबग
तिसऱ्यांदा विचारतो. एररमध्ये 'अ‍ॅक्च्युअल'पुढे काय आहे ते अक्षर न् अक्षर वाचून लिहा.

पऱ्हाटीवाला
दुसऱ्यांदा विचारून राहिले तुम्ही. बरं, घ्या. एक्स्पेक्टेड ७१२१.५. अ‍ॅक्च्युअल ७१२१.५एफ. तो एफ असाच येत असन म्हणून लिहिला नाई.

शून्यबग
तोच एफ तर हवा होता हो! एफ म्हणजे फ्लोट, दशांश आकड्याचा कमी अंकांचा प्रकार. रेस्ट अ‍ॅश्युअर्ड जेसनमधला (रिस्पॉन्स ज्या फॉरमॅटमध्ये येतो तो) दशांशाचा आकडा मुळात फ्लोट म्हणून वाचतं. तुम्ही जावात नुसतं ७१२१.५ लिहिलं की ते डबल होतं, म्हणजे जास्त अंकांचा प्रकार. इक्वलटू आतून इक्वल्स ही जावाची तुलना लावतं, ती प्रकारही बघते, आणि फ्लोट-डबल यांचं इक्वल्स कधीच जुळत नाही, आकडा तोच असला तरी.

संत्रानगरी
म्हणजे आकड्यामागे एफ लाव अन् मोकळा हो. एवढ्यासाठी पूर्ण धागा.

शून्यबग
मोकळा नका होऊ. पैशांचा हिशेब आहे. फ्लोटमध्ये जेमतेम सात अंक धड राहतात. शेतकऱ्याचा चुकारा १८४३७५.३५ असला आणि एपीआयनं चुकून १८४३७५.३४ दिला, तर फ्लोटसाठी दोन्ही एकच. टेस्ट हिरवी, हिशेबात पैसा कमी. जेसनकॉन्फिगमध्ये नंबर रिटर्न टाइप बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) करा. तुलनेला मात्र इक्वलटू नको, कम्पेअर्सइक्वलटू घ्या. बिगडेसिमलच्या इक्वल्सला ७१२१.५ आणि ७१२१.५० वेगळे वाटतात. आणि बिगडेसिमल बनवताना आकडा अवतरणात द्या, नुसता दिला तर तो आधी डबल होतो आणि डबलची अंदाजे आकड्याची घाण आत येते.

संत्रानगरी
एका पैशासाठी एवढं पुराण! पोस्टमनमध्ये असलं काही होतच नाही, नंबर एकाच प्रकारचा.

जुना_खोडवा
आत्ता कराटे म्हणत होता, आता पोस्टमन. पोस्टमन ओपन सोर्स नाही, त्याचं कमांड लाइनवर चालणारं न्यूमन आहे. एक काय ते ठरव. आणि एका पैशासाठी बाजार समितीत काटा अडवून धरलेला मी पाहिला आहे.

चना_गहू
मधात बोलतो, माफ करा. ७१२१ तर २०२४-२५ चा मध्यम धाग्याचा हमीभाव. लांब धाग्याचा ७५२१. वरचे ५० पैसे कोणता बाजार देऊन राहिला? आमच्याइकडे तर ओल सांगून कापतेत.

पऱ्हाटीवाला
लाइन गेली होती, आता आली. बिगडेसिमल लावलं, चुकाऱ्याच्या टेस्ट हिरव्या. पण ज्या ओळीत भाव सरळ ७१०० हाय, तिथं वेगळीच बोंब, कास्ट का काय म्हणते.

शून्यबग
एपीआय तिथे ७१०० पाठवत असणार, दशांश न लावता. ते इंटिजर म्हणूनच येतं, बिगडेसिमल सेटिंग पूर्णांकाला लागत नाही, म्हणून दोन प्रकारांची तुलना अडते. एपीआयवाल्याला दोन दशांश पाठवायला सांगा, नाहीतर ती ओळ वेगळी तपासा.

पऱ्हाटीवाला
एपीआयवाला मीच हाय. करतो.

चना_गहू
अन् ते ५० पैसे?

पऱ्हाटीवाला
भाऊ, टेस्टचा आकडा हाय तो. दशांश यावा म्हणून मीच टाकले.